कुंडीतली तुळस पावसाळ्यात का मरते?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ठाणे-डोंबिवलीपासून थेट रत्नागिरीपर्यंतच्या गॅलऱ्यांत दरवर्षी एक दृश्य दिसते. आषाढात हिरवीगार असलेली तुळस भाद्रपद लागता लागता माना टाकते, आणि पाणी कमी पडले असावे असे समजून घरातील माणसे तिला आणखी एक तांब्या पाणी घालतात. माझ्या घरी हे सलग तीन वर्षे घडले. तिसऱ्या वर्षी मी मेलेल्या रोपाची कुंडी उपडी करून पाहिली, तेव्हा तळाची चार बोटे माती चिखलासारखी झाली होती, तिला कुबट वास येत होता, आणि तपकिरी पडलेल्या मुळांची साल बोटांत धरताच सुटून येत होती. पाण्यात बुडालेल्या मुळांना हवाच न मिळाल्याने ते रोप गुदमरून मेले होते. अशी मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून माती ओली असूनही पाने सुकतात आणि आपण फसतो.

हे लिहिण्याचे कारण असे की, कुंडीतील बागेविषयी सदरांत आणि रोपवाटिकांत मिळणारा सल्ला, म्हणजे लाल माती, थोडे शेणखत, तळाशी खापऱ्या आणि खडी, वर रोज पाणी, हा किनारपट्टीच्या हवेचा विचार न करता दिला जातो. देशावरच्या कोरड्या वाऱ्यात कुंडीतले पाणी भराभर उडून जाते. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळा ऐंशी टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे मातीतूनही पाणी उडत नाही आणि पानांतूनही फारसे बाहेर पडत नाही. त्यातच सरींच्या माऱ्याने लाल मातीचे बारीक कण खाली बसून घट्ट होतात आणि मातीतली हवेची जागा बुजते. तळाच्या खडीने निचरा सुधारतो हाही गैरसमज आहे. बारीक मातीने धरून ठेवलेले पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, ते खडीच्या वरच अडून राहते, म्हणजे चिखलाचा थर नाहीसा न होता मुळांच्या आणखी जवळ येतो. त्यापेक्षा कुंडीची भोके मोकळी ठेवून ती दोन विटांवर उचलून ठेवावी, आणि मुख्य म्हणजे आतले मिश्रणच भुसभुशीत करावे.

असे मिश्रण आपल्याच भागात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून होते. नारळाच्या सोडणांचे तुकडे, काथ्याचा भुसा म्हणजे कोकोपीट, भाताचे तूस, कुजलेला पालापाचोळा आणि या सर्वांच्या चौथ्या हिश्शाइतकीच माती, एवढ्यावर माझी रोपे गेले चार पावसाळे तगली आहेत. (कोकोपीट मात्र दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुऊन घ्यावे, कारण त्यात पुष्कळदा क्षार असतात.) ही कल्पना नवी नाही. वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी यांनी रसवंतीवाल्यांकडील उसाची चिपाडे वापरून गच्चीवर भाज्या पिकवून दाखवल्या होत्या, आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यातून बाग उभी राहिली. इतके चांगले दाखले शहरात असताना आपण अजूनही पोत्याने लाल माती विकत आणून जिन्यावरून वर चढवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वजनाचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. एक चौरस मीटर जागेवर एक फूट जाडीची ओली माती सुमारे पाचशे किलो भरते, आणि माणसांचा वावर असलेल्या सपाट छपरासाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला साधारण १५० किलोच आहे. गृहनिर्माण संस्था कुंड्यांना हरकत घेतात तेव्हा त्यांची भीती निराधार नसते. पण त्यावर सरसकट बंदी घालण्यापेक्षा हलके मिश्रण सक्तीचे करणे आणि कुंड्या छपराखालच्या तुळयांच्या (बीमच्या) रेषेवर मांडणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

पेरणीच्या वेळाही आपल्या हवेप्रमाणे ठरवायला हव्यात. रात्रीचे तापमान चोवीस अंशांच्या वर राहिले की टोमॅटोची फुले गळतात, आणि मे महिन्यात मुंबईची रात्र सत्तावीसच्या आसपास असते. म्हणून टोमॅटोचे बी गणपतीनंतर टाकावे, म्हणजे थंडीत फळ धरते. पावसाळ्यात अळू, मायाळू, हळद, गवती चहा आणि पडवळ हे आपले खरे सोबती आहेत, तर उन्हाळ्यात लाल माठ, चवळी आणि भेंडी. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या उन्हात ठेवलेली काळी प्लास्टिकची कुंडी हाताला चटका देते, तेव्हा आत मुळांचे काय होत असेल! तिला पांढरे फडके गुंडाळावे आणि मातीवर सुक्या पानांचे आच्छादन घालावे. कुंडीखालची बशी मात्र पावसाळ्यात काढूनच टाकावी, कारण डेंग्यूचा डास तेवढ्याशा साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो.

आपल्या वृत्तपत्राचे वाचक विदर्भापासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहेत, आणि नागपूरच्या गच्चीला जो सल्ला लागू पडतो तो मालवणच्या ओसरीला लागू पडेलच असे नाही. म्हणून बागेच्या सदरात किनारपट्टीसाठी स्वतंत्र, महिन्यावार मार्गदर्शन द्यावे, आणि त्याची सुरुवात मृग लागण्यापूर्वी कुंडीतील माती बदलण्यापासून करावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, ठाणे