विषय: रायझेन ५ ५५०० प्रोसेसरच्या पानावरची चुकीची माहिती आणि नाकारलेली परतफेड

दि. ६ जून २०२५
माजलगाव, जि. बीड

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
संगणक सुटे भाग, ऑनलाइन विक्री विभाग

महोदय,

माझ्या तक्रारीचं तिकीट तुमच्या ग्राहक सेवेनं तीन वेळा ‘निकाली’ म्हणून बंद केलं. प्रोसेसर अजून माझ्या टेबलावर आहे आणि पैसे तुमच्याकडं आहेत, मग निकाल कशाचा लागला ते मला समजलं नाही. फोन केला की दर वेळी नवा माणूस येतो आणि पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. त्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

माझं माजलगावात फ्लेक्सचं दुकान आहे. दिवसभर भावी सरपंच, भावी सभापतींच्या वाढदिवसाचे बॅनर करायचे आणि रात्री शटर ओढलं की त्याच पीसीवर गेम. पीसी २०२२ मध्ये एकेक पार्ट घेत जमवला : बी५५० मदरबोर्ड, रायझेन ३ ३१०० प्रोसेसर, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम आणि आरएक्स ६५०० एक्सटी ग्राफिक्स कार्ड. कार्ड भारी नाही, ते मलाही माहीत आहे. पण तेव्हा कार्डांचे भाव असे होते की चार जीबीचं का होईना, नवं कार्ड हाती आलं यातच समाधान होतं.

चार कोअरचा (म्हणजे आत काम करणारे चार भाग असलेला) ३१०० आता कमी पडायला लागला होता, म्हणून यंदा ११ हजार बाजूला काढले. नव्या एएम५ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा) जायचं तर मदरबोर्ड बदला, डीडीआर५ रॅम घ्या, ते खिशाबाहेरचं. इंटेलचा आय३ १२१००एफ स्वस्त, पण त्यालाही बोर्ड वेगळा. म्हणून आहे त्या एएम४ बोर्डावर बसणारा सहा कोअरचा रायझेन ५ ५६०० घ्यायचा, हे पक्कं करूनच १६ मे रोजी मी तुमच्या विक्री विभागाला फोन केला. ५६०० ची किंमत तेव्हा तुमच्या पानावर १०,३०० रुपये होती.

फोनवरच्या मुलानं विचारलं, ‘‘दादा, कार्ड कोणतं आहे?’’ मी ६५०० एक्सटी सांगितलं. बोर्ड विचारला, तोही सांगितला. मग तो म्हणाला, ‘‘मग ५६०० कशाला? ५५०० घ्या ना. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, सगळं तेच. दोनशे मेगाहर्ट्झचा फरक आहे. २,१५० रुपये वाचतील, त्यात एसएसडी घ्या.’’ हाच सल्ला त्यानं नंतर व्हॉट्सॲपवरही पाठवला. मुलगा बोलायला चांगला होता, त्याच्यावर माझा राग नाही. तरी मी ऑर्डर करण्याआधी तुमचं ५५०० चं पान उघडून बघितलं. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं : एल३ कॅश ३२ एमबी, पीसीआयई ४.०. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी आणि पीसीआयई म्हणजे प्रोसेसर नि ग्राफिक्स कार्ड यांच्यातली डेटाची वाट. ते वाचून मी ८,१५० रुपये भरले.

या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. ५५०० ला एल३ कॅश १६ एमबी असते आणि तो पीसीआयई ३.० वर चालतो. हा ५६०० चा धाकटा भाऊ नव्हेच. तो ५६००जी च्या घराण्यातला, फक्त आतलं ग्राफिक्स बंद केलेला. नावात शंभराचाच फरक दिसतो म्हणून फसायला होतं. तुमच्या पानावर ५६०० चा मजकूर उचलून चिकटवलेला आहे, असा माझा अंदाज आहे. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण पैसे मात्र माझे गेले.

आता तुमच्या टेक्निकल विभागाचं लाडकं वाक्य : ‘‘गेमिंगमध्ये ३.० आणि ४.० चा काहीच फरक पडत नाही.’’ सोळा लेनच्या (लेन म्हणजे त्या वाटेचे पदर) मोठ्या कार्डाबद्दल हे बऱ्याच अंशी खरं आहे, ते मी मान्य करतो. पण ६५०० एक्सटी हे कार्डच मुळात चार लेनचं आहे. पीसीआयई ४.० वर चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी डेटा जातो, ३.० वर तोच साधारण ४ जीबी. आणि कार्डाची स्वतःची मेमरी चारच जीबी. ती भरली की उरलेलं टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं) पीसीच्या रॅममधून याच वाटेनं ये-जा करतं. सोळा पदरी रस्त्यावर वेग निम्मा केला तरी फारसं अडत नाही. आमच्याकडच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॉल्या चालू असताना, निम्मा करून बघा. म्हणजे ज्या थोड्या कार्डांना हा फरक खरोखर झोंबतो त्यातलंच माझं कार्ड, आणि ते कोणतं आहे हे तुमच्या माणसानं आधी विचारून घेतलं होतं.

गंमत अशी की माझ्या २०२० साली बाजारात आलेल्या जुन्या ३१०० ला पीसीआयई ४.० होतं. म्हणजे आठ हजार रुपये मोजून मी पुढं जायचं ते मागं आलो.

खोटं बोलणार नाही, काही ठिकाणी फायदा झाला. फ्लेक्सच्या मोठ्या फायली लवकर उघडतात. व्हॅलोरंटमध्ये फ्रेम वाढल्या, कारण तो गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त चालतो. पण मोठ्या नकाशाचे गेम, ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यात टेक्श्चर ‘हाय’ केलं की गाडी वळणावर येते आणि चित्र अर्धा सेकंद गोठतं. ३१०० वर याच सेटिंगला फ्रेम कमी होत्या, पण असा झटका बसत नव्हता.

यावर तुमच्याकडून आलेली उत्तरं. पहिलं : विंडोज नव्यानं टाका. टाकलं, एक रविवार गेला. दुसरं : पीसी निवांत असताना जीपीयू-झेड या कार्ड तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिंक (कार्डाचा पीसीआयई वेग) कमीच दिसते. ते मला माहीत आहे, म्हणूनच मी त्यातली रेंडर टेस्ट चालू ठेवून फोटो काढले होते. जुन्या प्रोसेसरवर एक्स४ (चार लेन) ४.०, नव्यावर एक्स४ ३.०. तिसरं उत्तर असं की दोष बोर्डाचा असेल. बोर्ड तोच, स्लॉट तोच, कार्ड तेच. बदललं काय, तर तुम्ही पाठवलेला प्रोसेसर.

आणि शेवटी ३० मे चा नकार : ‘प्रोसेसर वापरलेला आहे, त्यावर थर्मल पेस्टच्या खुणा आहेत, बॉक्सचं सील उघडलेलं आहे, म्हणून परत घेता येणार नाही.’ प्रोसेसर २१ मे रोजी मिळाला, त्याच रात्री बसवला आणि २२ तारखेला सकाळी मी तक्रार केली. तुमची मुदत सात दिवसांची आहे. कूलरकडं उष्णता नेणारी ही पेस्ट न लावता, कूलर न बसवता प्रोसेसर तपासायचा कसा, ते तुमच्या टेक्निकल विभागानं मला एकदा करून दाखवावं. बसवायलाही मी कमी जपलो नाही. आधी इन्व्हर्टर पूर्ण चार्ज करून बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, कारण मध्येच लाईट गेली असती तर बोर्डाचा दगड झाला असता. जुना कूलर सरळ उपटला तर एएम४ मध्ये प्रोसेसरच सॉकेटमधून वर येतो आणि पिना वाकतात, म्हणून पीसी थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ करून घेतली आणि कूलर फिरवत-फिरवत काढला. तुमच्या प्रोसेसरची एकही पिन वाकलेली नाही. फोटो सोबत आहेत.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात कितीतरी शेतकऱ्यांचं सोयाबीन उगवलंच नाही. आमचंही त्यात होतं. तेव्हा पंचनाम्याला आलेल्या कोणी ‘बियाण्याची पिशवी का फाडली’ असं वडिलांना विचारलं नव्हतं. तुमचा नकार वाचून दाखवल्यावर वडील म्हणाले, ‘‘पेरल्याबिगर उगवतंय का नाही, ते कसं कळावं?’’

माझी मागणी साधी आहे. हा ५५०० परत घ्या आणि ५६०० पाठवा. वरचे २,१५० रुपये मी भरतो, माझ्या बजेटात ते बसतात. ते जमत नसेल तर ८,१५० रुपये पूर्ण परत करा आणि माल नेण्याचा खर्च तुम्ही करा. बदल्यात एसएसडीचं कूपन वगैरे मला नको.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील तर तो परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं, हेही त्यातच आहे. पोच आली नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करीन. त्यानंतर बीडचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं ग्राहकाला तो राहतो तिथंच दाद मागता येते, त्यामुळं मला तुमच्या शहरात यायची गरज नाही. तुम्हाला मात्र बीडला यावं लागेल.

बिल, व्हॉट्सॲपवरचा सल्ला, ऑर्डरच्या दिवशीचा पानाचा स्क्रीनशॉट, जीपीयू-झेडचे दोन्ही फोटो आणि पिनांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला ग्राहक,
(सही)

ता. क. हे पत्र पाठवण्याआधी आज सकाळी तुमचं ५५०० चं पान पुन्हा उघडून बघितलं. किंमत शंभर रुपयांनी उतरली आहे. ‘पीसीआयई ४.०’ अजून तसंच आहे.