दुसरा चंद्र नव्हे हो, सूर्याचाच दगड तो

मा. संपादक,
स.न.

'पृथ्वीला मिळाला दुसरा चंद्र, 2083 पर्यंत मुक्काम' अशी हेडलाईन तुमच्या पेपरात आली त्याला आता बरेच दिवस झाले, पण ते कात्रण अजून आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर फिरतंय आणि कोण ना कोण मला विचारतंच, म्हणून लिहितेय. 2083 बरोबर आहे. तुम्ही ज्याला चंद्र म्हटलंत त्या अवकाशातल्या दगडाचं नाव 2025 पीएन7, तेही बरोबर. चंद्र तेवढा चुकला, आणि नेमका तोच मोठ्या अक्षरात छापलात.

हा पीएन7 पृथ्वीभोवती फिरतच नाही हो. तो फिरतो सूर्याभोवती, आपल्यासारखाच, आणि एका फेरीला त्याला जवळजवळ आपल्याएवढंच म्हणजे एक वर्ष लागतं. आपली कक्षा जवळपास गोल आहे, त्याची जरा लांबट, त्यामुळे सूर्याजवळ असला की तो जोरात पळतो आणि आपल्या पुढे निघतो, सूर्यापासून लांब गेला की रेंगाळतो आणि मागे पडतो. पणजी-मडगाव बसमध्ये खिडकीशी बसलाय असं समजा, शेजारून एक पायलट, म्हणजे आमचा मोटरसायकल टॅक्सीवाला, चाललाय, मघाशी डावीकडून पुढे गेला, मग मागे पडला, आता उजवीकडून आला, बसमधल्याला वाटणार की हा आपल्याभोवतीच घिरट्या घालतोय, पण तो बिचारा मागे गिऱ्हाईक बसवून मडगावला चाललाय, बस नसती तरी गेलाच असता. अर्थात पृथ्वीची थोडी ओढ आहेच, म्हणून तर ही जोडी साधारण साठेक वर्षं टिकलीय आणि अजून तेवढीच टिकेल असं गणित सांगतं. पण पृथ्वीची खरी सत्ता चालते ती साधारण 15 लाख किलोमीटरपर्यंत. चंद्र 3 लाख 84 हजारांवर, म्हणजे चांगला आत. पीएन7 त्या हद्दीबाहेरच असतो. शास्त्रज्ञ अशा दगडाला क्वासी-मून, म्हणजे नुसता चंद्रासारखा भासणारा, म्हणतात, त्यातला क्वासी तुमच्या डेस्कवर गळला असावा.

याचा परिणाम काय झाला तर कोजागिरीला, 6 ऑक्टोबरला, आम्ही फोंड्याला गच्चीवर दूध आटवत होतो आणि सगळी मंडळी दुसरा चंद्र शोधायला लागली. चंद्राच्या थोडा वर एक पिवळट ठिपका होता, न लुकलुकणारा, झालं, सापडला! एका काकांनी तर मोबाईलवर फोटो काढून मुलाला दुबईला पाठवला पण. तो शनी होता. अॅप लावून दाखवलं तेव्हा काका म्हणाले, पेपरात आलंय ते खोटं कसं असेल. आता बोला. एकीने विचारलं की पुढच्या चवथीला दोन्ही चंद्र बघायचे टाळायचे का, आणि ती गंमत करत नव्हती.

दगड आहे साधारण 20 मीटरचा. नुसत्या डोळ्यांनी दिसायचा प्रश्नच नाही. हवाईमधल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला तो 2 ऑगस्ट 2025 ला सापडला, मग जुने फोटो धुंडाळले तर 2014 पासूनच्या फोटोत तो बारीक ठिपका होताच, कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. आणि तुम्ही बातमीसोबत भोवऱ्यासारखा, खडबडीत दगडाचा जो झकास फोटो छापलात तो बेन्नू नावाच्या दुसऱ्याच दगडाचा आहे, जवळजवळ अर्ध्या किलोमीटरचा, नासाच्या यानाने जवळ जाऊन काढलेला. पीएन7 चा असला फोटो जगात कुणाकडेच नाही.

भीतीचं म्हणाल तर एवढ्याच आकाराचा दगड 2013 च्या फेब्रुवारीत रशियात चेल्याबिन्स्कवर हवेत फुटला होता आणि दीड हजाराच्या आसपास लोक जखमी झाले, बहुतेक खिडक्यांच्या काचा लागून. त्या स्फोटाचं फॉरवर्ड पण पीएन7 च्या नावाने फिरतंय. पण हा त्या वाटेवर नाही, सध्या तरी आपली जोडीची वाट चाललाय.

खरं तर बातमीत मजा होती, ती तुम्ही दवडलीत. असे जोडीदार आपल्याला आधीपासून आहेत. कामोओआलेवा नावाचा एक 2016 मध्ये सापडला, तो चंद्राच्या अंतराच्या 38 पटीपेक्षा जवळ येत नाही आणि 100 पटीपेक्षा फार लांब जात नाही, अर्ध्या तासाच्या आत स्वतःभोवती एक गिरकी घेतो, आणि काही शास्त्रज्ञांना वाटतं की तो आपल्या खऱ्या चंद्राचाच कधीतरी उडालेला तुकडा असावा. म्हणजे चंद्राशी नातं असलंच तर ते असं! तिकडे चीनचं त्येनवेन-2 यान मे 2025 मध्ये निघालंय, 2026 मध्ये पोचून तिथली माती उचलायची आणि 2027 मध्ये पृथ्वीवर आणून टाकायची असा बेत आहे. यावर अर्धं पान दिलं असतं तर मीच कात्रण काढून ठेवलं असतं.

दुर्बीण लावून लोकांना आकाश दाखवणारी हौशी मंडळी गोव्यात कित्येक वर्षांची आहेत, छापायच्या आधी त्यांच्यापैकी कुणालाही एक फोन केलात तरी पुरे. आणि असली बातमी आली की दोनच गोष्टी पहिल्या ओळीत घाला, दगड कुणाभोवती फिरतो आणि तो चंद्राच्या किती पट लांब आहे. त्येनवेन पोचेल तेव्हा तरी 'चीन दुसऱ्या चंद्रावर' असं छापू नका, काका वाट बघतायत.

आपली नेहमीची वाचक,
फोंडा