आबांच्या वहीतली सहा पानं

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज पडलेला होता. सरावाच्या उड्डाणाची सॉर्टी बिघडली, बरोबरच्याचं एकट्यानं विमान उडवायचं सोलो झालं, तुझं राहिलं, एवढं कळलं. बाकीचं तू 'ठीक आहे गं' म्हणून गुंडाळलंस. रात्री डोळ्याला डोळा लागेना, म्हणून आबांची कात्रणांची वही काढली. हवाई दलाच्या अर्जनसिंगांवर सहा पानं आहेत. खळीनं चिकटवलेली, कडा सुटायला लागलेल्या.

मानसन्मानांखाली आबांच्या लाल पेन्सिलीच्या रेघा. १९४४ चं डी.एफ.सी. हे ब्रिटिश शौर्यपदक, १९६५ चं पद्मविभूषण, २००२ मध्ये मार्शल हा हवाई दलाचा सर्वोच्च हुद्दा. पंचेचाळिसाव्या वर्षी हवाई दलप्रमुख! १९६५ च्या पाकिस्तान युद्धात, सप्टेंबरात, संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी त्यांना विचारलं, विमानं किती वेळात निघतील? 'तासाभरात.' आणि निघालीही. त्याच संध्याकाळी आपली चार व्हँपायर विमानं पडली, ते मात्र कात्रणात तळाशी एका ओळीत.

मी थांबले दुसरीकडेच. वायव्य सरहद्दीवर अगदी नवखे असताना टोळीवाल्यांच्या रायफलींनी त्यांचं ऑडॅक्स विमान पाडलं. कोरड्या नदीपात्रात उतरावं लागलं, नाक फुटलं. मागचा गनर गुलाम अली बाहेर पडून धावत सुटला, तोही नेमका गोळ्या येत होत्या तिकडेच. अर्जनसिंग तसेच रक्ताळल्या तोंडानं त्याच्यामागे पळाले आणि त्याला माघारी वळवलं. इथे आबांची रेघ नव्हती. मी मारली.

आणि हे माहीत होतं का तुला? फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यांच्यावर कोर्ट मार्शल झालं होतं. केरळात एका घरावरून विमान फारच खालून नेलं, कारण काय, तर एका शिकाऊ पोराची उमेद वाढवायची होती! (तू हे मनावर घेऊ नकोस. गच्चीवर माझे पापड असतात.) अडीच वर्षांनी, १५ ऑगस्ट १९४७ ला, लाल किल्ल्यावरून शंभरावर विमानं घेऊन गेले ते हेच.

शेवटचा फोटो २०१५ चा, दिल्लीच्या पालम विमानतळावरचा. कलामांना अखेरचा निरोप द्यायला शहाण्णव वर्षांचा माणूस व्हीलचेअरवरून उठून सलाम करतोय. आबांनी तो जरा वाकडाच लावलाय.

तुझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलाला तुझ्याहून वाईट शेरा मिळाला म्हणालास, दोन दिवस मेसमध्ये दिसला नाही म्हणून. जेवला का तो? रविवारी फोन करशील तेव्हा आधी ते सांग.

तुझी,
आई