२३९ बुशेल गव्हाबद्दल आभार

प्रिय मित्रा,

तुला मराठी येत नाही, तरी हे मराठीतच लिहितोय. इंग्रजीत तुझे आभार मानून झालेत. पण या गोष्टीत निम्मा वाटा माझ्या बाबांचा आहे, आणि त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. शिवाय तुझी फेडरलिस्ट सोसायटी, म्हणजे अमेरिकेतली उजव्या विचारांच्या वकील-विद्यार्थ्यांची संघटना, आमच्याकडे म्हटली की ‘ट्रम्पला न्यायाधीश पुरवणारे’ एवढंच बोललं जातं.

खरं सांगू? सोसायटीच्या कार्यक्रमाला पहिल्यांदा आलो तो फुकटच्या पिझ्झासाठी. यवतमाळहून ओहायोत एलएलएमला आलेल्या माणसाला दुपारचं जेवण विकत घेताना डॉलरचे रुपये मोजायची सवय सुटत नाही. भिंतीवर अमेरिकेच्या राज्यघटनेचा एक शिल्पकार मॅडिसन याची काळी छायाकृती होती, आणि वाद चालला होता तुमच्याच ओहायोतल्या रॉस्को फिलबर्न नावाच्या शेतकऱ्याचा. सरकारने त्याला ११.१ एकर गहू पेरायची मुभा दिली होती. त्याने २३ एकर पेरला. जास्तीचे २३९ बुशेल (बुशेल म्हणजे तिकडचं धान्याचं माप) झाले, दंड पडला ११७ डॉलर ११ सेंट. गहू घरच्या गुरांना, घरच्या पिठाला लागतो, असं तो सांगत राहिला. १९४२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने ठरवलं, की घरी खाल्लेला गहूही आंतरराज्य व्यापारावर परिणाम करतो, म्हणून केंद्र सरकार त्यावरही मर्यादा घालू शकतं. वर्गात हा खटला दहा मिनिटांत उरकला होता.

तेव्हा मी नुसतं पुटपुटलो, ‘आमच्याकडे कापसाचं असंच होतं.’ तू ते ऐकलंस. सगळे गेल्यावर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसलास आणि म्हणालास, सांग.

मग मी एकाधिकार कापूस खरेदी योजना सांगितली. १९७२ पासून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने कापूस सरकारलाच विकायचा. गाड्यांच्या रांगेत रात्र काढायची आणि चुकाऱ्याची वाट बघत बसायचं. पैनगंगेपलीकडे आदिलाबादला भाव बरा असला, तरी कापूस नेताना पकडलं तर चोर. त्या रात्री बाबांना फोन करून फिलबर्न सांगितला. ते म्हणाले, “घरचा गहू घरी खाल्ला तरी दंड? आपल्याले तं फक्त बाहेर विकाची मनाई होती.” हे वाक्य तू पुढे निदान चार जणांना ऐकवलंस, माझ्यापेक्षा चांगलं.

भारतात मालमत्तेचा हक्क मूलभूत होता, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो तिथून काढला आणि आता तो ३००-अ कलमात आहे, हे ऐकून तुझा झालेला चेहरा मला अजून आठवतो.

पण खरे आभार मानायचेत ते केलो खटल्यावर आपण घातलेल्या वादाबद्दल. अमेरिकेतल्या न्यू लंडन शहराने केलोबाईंसारख्या लोकांची घरं खाजगी विकासासाठी घेतली, आणि २००५ मध्ये कोर्टाने ते पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केलं. मी शहराच्या बाजूने बोलणार होतो, कारण माझ्या मावशीच्या शेतात कालव्याचं पाणी आलं ते कुणाच्या तरी गेलेल्या जमिनीवरूनच. म्हणजे तुम्हा मंडळींच्या विरुद्ध, तुमच्याच व्यासपीठावर. तीन रात्री तू केलोबाईंचा वकील होऊन मला फाडून खाल्लंस आणि मग स्वतःच न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या निकालपत्रातली तुझ्या विरुद्ध जाणारी पानं खुणा करून दिलीस. प्रत्यक्ष वादात मात्र दया नाही! त्या जागेवर ठरलेला प्रकल्प कधी उभाच राहिला नाही, हे तू सगळ्यांसमोर काढलंस आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही धड नाही.

एक गोष्ट मात्र मला पटलेली नाही. ‘सोसायटी कुठल्याच प्रश्नावर भूमिका घेत नाही’ असं तू दर कार्यक्रमाच्या सुरुवातीला गंभीरपणे सांगायचास. १९८२ मध्ये येल आणि शिकागोच्या मूठभर विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या या संस्थेतल्या माणसांच्या सल्ल्याने २०१६ साली ट्रम्पची न्यायाधीशांची यादी बनली. मी मागच्या रांगेतून हसायचो. तूही एकदा हसलास, ते माझ्या लक्षात आहे.

बाबा म्हणतात, पोराले वेचणीच्या टायमाले बोलाव. दिवाळीनंतर ये. कापूस आता कुणालाही विकता येतो. भाव मिळत नाही, ती गोष्ट वेगळी. त्यावर बाबांशी वाद घाल, दुभाषा मी होतो.

तुझा,
मागच्या रांगेतला