कोपरखैरणेच्या रिक्षा लाइनीत ट्रंक शिकवणाऱ्या ताईंना

ताई,

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये, पण वाचलंत की कळेलच. त्या शुक्रवारी तुम्ही भर पावसात समोरच्या बिल्डिंगमधून आलात, त्याचं नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, तेव्हा माझ्या तोंडातून शब्दच फुटत नव्हता.

आमच्या महापेच्या ऑफिसात आधी सगळं एकाच व्हीलॅन १ मध्ये होतं (व्हीलॅन म्हणजे एकाच नेटवर्कचे आतून पाडलेले वेगळे भाग), अकाउंट्स, प्रिंटर, कॅमेरे, पाहुण्यांचं वायफाय, सगळंच. मग कुणीतरी घरचा जुना राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला लावला आणि तो सगळ्यांना स्वतःचेच आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, वाटत सुटला, अर्धा दिवस बिलिंग बंद. साहेब म्हणाले, वेगवेगळं कर. मी केलं, अकाउंट्सचा व्हीलॅन १०, बाकी स्टाफ २०, प्रिंटर ३०, स्विच (सगळ्या केबली जिथे जोडतात तो डबा) मॅनेज करायला ९९, आणि चाललं पण. फक्त दोन स्विचना जोडणारी ती ट्रंक म्हणजे नक्की काय हे डोक्यात बसलं नव्हतं.

त्या शुक्रवारी कॅमेऱ्यांसाठी व्हीलॅन ४० करायचा होता. दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या टेबलावरून खालच्या मेन स्विचमध्ये शिरलो आणि ट्रंकवर टाइप केलं, स्विचपोर्ट ट्रंक अलाऊड व्हीलॅन ४०. एंटर मारला आणि स्क्रीन गोठली, दोन मिनिटांत वरच्या मजल्यावरचे सगळे माझ्या टेबलाभोवती. तुम्हाला फोन केला तर तुम्ही एवढंच विचारलंत, "सेव्ह केलंयस का?" नाही म्हटल्यावर म्हणालात, "मग बंद-चालू केलास तर जुनं परत येईल, पण खाली डिस्पॅच चालू आहे ना, त्यांचं काम का तोडायचं? थांब, कन्सोल केबल घेऊन येते."

मला वाटलं तुम्ही आता लॅपटॉप ओढून घ्याल आणि पाच मिनिटांत करून निघून जाल, तुम्हाला घरी जायची घाई होती हे मला दिसत होतं. तुम्ही ती निळी कन्सोल केबल थेट स्विचला लावलीत, म्हणजे नेटवर्क तुटलं असलं तरी आत शिरता येतं, ९६०० चा स्पीड सेट केलात आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवलात. "शो इंटरफेसेस ट्रंक टाक. काय दिसतंय ते मोठ्याने वाच." मी वाचलं, अलाऊड मध्ये, म्हणजे ट्रंकवरून जायला परवानगी असलेल्यांच्या यादीत, फक्त ४०. १०, २०, ३०, ९९ सगळे गेलेले, म्हणजे मी स्वतः ज्या रस्त्याने आत शिरलो होतो तोच कापला गेला होता. "ॲड शब्द राहिला," तुम्ही म्हणालात, "ॲड नसेल तर जुनी यादी पुसून नवीन बसते." मग पूर्ण यादी मीच टाइप केली, तुम्ही फक्त बघत होतात. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "आलं रे आलं!"

आणि मग सोमवारी सकाळी रिक्षाच्या लाइनीत तुम्ही जे सांगितलंत ते तर मी अजून घोकतो. ठाण्याहून तुर्भेपर्यंत रूळ तेच, त्यावरूनच वाशीची पण जाते, नेरुळची पण आणि पनवेलची पण, कुठली कुठे हे बोर्डवरून कळतं, तर ट्रंक म्हणजे तो रूळ आणि टॅग, म्हणजे डेटाच्या पाकिटावरची व्हीलॅन नंबरची चिठ्ठी, हा तो बोर्ड. ८०२.१क्यू (या टॅगचं स्टँडर्ड) चा टॅग ४ बाइटचा, त्यातले १२ बिट व्हीलॅन नंबरला, म्हणून १ ते ४०९४ पर्यंतच नंबर देता येतात. आणि माणूस उतरून घरी जाताना गाडीचा बोर्ड काय सोबत नेत नाही, तसं ॲक्सेस पोर्टवरून, म्हणजे पीसी जोडायच्या एकाच व्हीलॅनच्या सॉकेटवरून, पीसीकडे जाताना टॅग निघतो. बिनबोर्डाची गाडी आली तर ती नेटिव्ह, म्हणजे बिनटॅगवाल्यांसाठी ठरवलेल्या, व्हीलॅनची धरायची, पण दोन्ही टोकांनी नेटिव्ह एकच धरलेला पाहिजे, नाहीतर एकीकडे वाशीची म्हणून सुटलेली दुसरीकडे पनवेलची समजतील. इतकं सोपं करून मला कुणीच सांगितलं नव्हतं ताई, व्हिडिओ मी कमी बघितलेत का.

तुम्ही सांगितलेली दुसरी गोष्ट, दूरच्या स्विचला हात लावायच्या आधी रीलोड इन १० टाकायचं. आपण बाहेर फेकलो गेलो तर १० मिनिटांनी स्विच आपोआप आधी सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगवर (सेटिंग्जवर) उठतो, सगळं नीट झालं तर रीलोड कॅन्सल, आणि सेव्ह मात्र खात्री झाल्यावरच. आता न चुकता करतो. अर्थात कामाची वेळ संपल्यावरच हात लावतो.

कॅमेरे ४० वर गेले. पाहुण्यांचं वायफाय ५० वर टाकलं आणि राउटरवर नियम लावला की तिथून अकाउंट्सकडे काहीच जाणार नाही, स्वतः पाहुण्यांच्या वायफायवर बसून पिंग (चाचणीचा छोटा संदेश) मारून बघितलं, नाही गेलं. वरच्या स्विचवर ५० बनवायचा राहिला होता म्हणून आधी वर चालेना, पण या वेळी कुणाला फोन न करता शो व्हीलॅन टाकून स्विचवरच्या व्हीलॅनची यादी बघून माझं मीच शोधलं. तेव्हा तुमची फार आठवण आली.

तुमची निळी केबल अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, माझी नवीन आली काल. सोमवारी लाइनीत घेऊन येतो, आणि रिक्षाचे पैसे त्या दिवशी मी देणार.