मागचे केस परत उगवत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला केशरोपणावरचा लेख माझ्या भाच्याने मला पाठवला. वर लिहिलं होतं, ‘मामा, बिघडलं तरी नीट करता येतं म्हणे.’ तो २४ वर्षांचा आहे. लेखातलं एवढं एकच वाक्य त्याच्या लक्षात राहिलं आणि नेमकं तेच चुकीचं आहे. ‘दुसऱ्या शस्त्रक्रियेत सगळं दुरुस्त होतं’ असं छापण्याआधी तशी दुरुस्ती करून घेतलेल्या एका तरी माणसाला विचारायला हवं होतं. मी करून घेतली आहे, म्हणून हे पत्र.

पहिल्या वेळी मी २६ वर्षांचा होतो. ज्या डॉक्टरांचं नाव ऐकून गेलो त्यांनी कपाळावर पेनने रेषा आखली आणि ते निघून गेले. पुढे लावायला डोक्यामागचे केस काढताना मी पालथा होतो, कोण काढतंय तेही दिसत नव्हतं. वर्षभराने जे उगवलं ते पट्टीने आखल्यासारखं सरळ आणि फार खाली होतं. पुढच्या रांगेत एकेका केसाचे ग्राफ्ट (मुळासकट काढून लावायचे केस) हवेत, तिथे तीन-तीन, चार-चार केसांचे लावले होते. केस पुढे झुकायचे सोडून ताठ उभे. लेखात म्हटलंय की ४ मिलिमीटरच्या जाड पुंजक्यांचा जमाना संपला. मान्य. पण पुढे जाड ग्राफ्ट चुकीच्या कोनात लावले तर आजही डोकं तसंच दिसतं. सात वर्षं मी कपाळ झाकून फिरलो.

दुसऱ्या सर्जनबाईंनी पुढची रेषा बघायच्या आधी माझं डोकं मागून भिंगाखाली तपासलं. मागे आणि कानांच्या वर जो पट्टा असतो तिथले केस सहसा गळत नाहीत आणि दुसरीकडे लावले तरी तो गुण सोडत नाहीत. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी हे १९५९ मध्येच मांडलं, सगळं केशरोपण त्यावर उभं आहे. पण जिथून ग्राफ्ट निघाला तिथे दुसरा केस येत नाही. हा साठा जन्माला एकदाच मिळतो. माझा पट्टा ओरबाडल्यासारखा विरळ झाला होता. त्यात आधीचे मूळ केस गळायचे थांबलेले नव्हते.

मग त्यांनी पुढचे चुकीचे ग्राफ्ट बारीक पंचने (गोल धारेच्या छोट्या हत्याराने) एकेक करून बाहेर काढले, सूक्ष्मदर्शकाखाली सुटे केले आणि वर पुन्हा लावले. दोन बैठका लागल्या, मध्ये कित्येक महिने थांबावं लागलं. लावलेले केस आधी गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात, खरा निकाल कळायला १२ महिने जातात. केस कमी पडले म्हणून हनुवटीखालचे दाढीचे केस घेतले. ते राठ असतात, त्यामुळे पुढे चालत नाहीत, मधल्या भागातच लावले. मागच्या विरळ जागेवर गोंदणासारखे बारीक ठिपके काढून घेतले. त्यांचा रंग फिका पडतो, पुन्हा भरावा लागतो. आज चारचौघांत कोणी माझ्याकडे वळून बघत नाही आणि त्याबद्दल मी त्या बाईंचा ऋणी आहे. पण जुने ग्राफ्ट काढले तिथले पांढरे ठिपके अजून आहेत आणि डोक्यावर दाट केस आता कधीच येणार नाहीत. त्यांनी हे मला पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं. तुमच्या लेखात ते एका ओळीतही नाही.

लेखासोबतच्या फोटोंबद्दलही लिहायचं आहे. ‘आधी’च्या फोटोत केस ओले, वरून प्रखर दिवा. ‘नंतर’च्या फोटोत केस कोरडे, पुढे विंचरलेले, उजेड मंद. अशा दोन फोटोंची तुलनाच होऊ शकत नाही. त्याच पानावर खाली केशरोपणाची मोठी जाहिरात होती, ती लेखाशेजारी यायला नको होती.

येत्या पुरवणीत लेखाइतक्याच ठळकपणे खुलासा छापावा. साठा मर्यादित असतो, ऐन विशीत रेषा खाली आणू नये आणि रोपणाच्या वेळी कोणतं काम डॉक्टर स्वतः करणार ते आधी विचारून घ्यावं, एवढं तरी त्यात यावं.

आपला,
एक जुना वाचक
(कृपया नाव छापू नये.)