आधी हकिगत, मग माफी

महोदय,

भांडण मिटवताना ‘झालं गेलं विसरा’ हा सल्ला सगळ्यांत आधी दिला जातो आणि तिथेच समेट फसतो. दुखावलेल्या माणसाला माफीनाम्याआधी हवी असते ती हकिगत: कोणी, केव्हा, काय केले आणि करताना त्याला काय ठाऊक होते.

वर्णभेदी राजवटीच्या काळातील अत्याचारांचा छडा लावण्यासाठी नेमलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य व सलोखा आयोगाने हाच क्रम धरला होता. 1995 च्या कायद्यानुसार अभय (खटला व शिक्षेपासून सुटका) मागणाऱ्याने राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची संपूर्ण माहिती द्यायची होती. पश्चात्ताप दाखवण्याची अट नव्हती. अनेकांना हे खटकले. आम्हाला ते शहाणपणाचे वाटते, कारण अटीपोटी मागितलेली माफी ऐकणाऱ्याला लगेच कळते. वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कोठडीतील मृत्यूबद्दल अभय मागणाऱ्या पोलिसांनी, झटापटीत त्यांचे डोके भिंतीवर आदळले, असे सांगितले. 1999 मध्ये त्यांचे अर्ज फेटाळले गेले. ‘आदळले’ म्हणणारा स्वतःला त्या खोलीतून बाहेर काढतो.

मराठीत ही पळवाट फारच सोपी आहे. ‘चूक झाली’, ‘पैसे खर्च झाले’, ‘तोंडून निघून गेलं’: या वाक्यांत करणारा कुठेच नाही. म्हणून मध्यस्थाने बैठकीआधी दोघांना वेगवेगळे भेटावे, सांगणाऱ्याकडून हकिगत लिहून घ्यावी आणि प्रत्येक ‘झाले’च्या जागी ‘मी केले’ बसते का ते पाहावे. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हे काढूनच टाकावे. कारणे शेवटी, तीही ऐकणाऱ्याने विचारली तरच. तपशील किती हवा हेही त्यालाच आधी विचारावे. मन मोकळे करण्याच्या भरात नको ते ओतले की जखम पुन्हा उघडते.

ऐकणाऱ्याला मध्येच थांबवण्याची, उठून जाण्याची मुभा हवी. मग त्याने आपल्यावर काय बेतले ते सांगावे आणि समोरच्याने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगून दाखवावे. बहुतेकांची गाडी इथेच अडते. ऐकलेले परत सांगायचे सोडून खुलासा सुरू होतो. ‘मग, केलंस ना माफ?’ हे त्या दिवशी कुणीही विचारू नये, नातेवाइकांनी तर मुळीच नाही. जिथे मारहाण किंवा धाक अजून चालू आहे, तिथे अशी बैठक घेऊच नये.

राहिली भरपाई. आयोगाने पीडितांना सहा वर्षे दरवर्षी मदत देण्याची शिफारस केली होती. सरकारने 2003 मध्ये एकरकमी 30,000 रँड जाहीर केले आणि जाहीरपणे दुःख सांगितलेल्या अनेकांच्या मनात फसवल्याची भावना राहिली. काय परत करणार, किती आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे बैठकीतून उठण्याआधी कागदावर यायला हवे.

– समेटाच्या बैठका घेणारे काही वाचक